खुडलेलं कंदीलपुष्प

रानफुलं शोधण्यात आदिनाथ झावरेचा हात धरणारा नगर परिसरात दुसरा नव्हता. सुप्याच्या एका कारखान्यात तो सुटे भाग तपासायच्या विभागात होता. केडगावच्या घरून कामाला जाता-येता बसच्या खिडकीतूनही त्याला कळायचं, की अमुक माळावर कवला फुलायला लागलाय, तमुक बांधावर आभाळी उमललीय. रविवार उजाडला, की पाठीला पिशवी लावून तो डोंगराला लागायचा.

त्याच्या जोडीला दिलावरभाई असायचे. दिलावर शेख यांचं केडगावातच औषधांचं दुकान होतं. वयाने आदिनाथहून थोडे मोठे, बोलायला मऊ, चालायला सावकाश. फूल शोधणं त्यांना कधी जमलं नाही. समोर फुललेलं असलं तरी आदिनाथने बोट दाखवेपर्यंत त्यांना ते दिसायचं नाही, आणि बऱ्याचदा पायाखाली जाता जाता वाचायचं. पण एकदा दिसलं, की भाई ओल्या मातीत पोटावर पडायचे, कॅमेरा गालाला लावायचे आणि ढग सरकेपर्यंत, वारा पडेपर्यंत तसेच पडून राहायचे. त्यांच्या फोटोत साधी सोनकीसुद्धा अशी दिसायची, की बघणाऱ्याला वाटावं, आपण आजवर सोनकी पाहिलीच नव्हती.

आदिनाथही त्याच फुलाचा फोटो काढायचा. चांगला यायचा. पण दोघांचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेले, की लोक भाईंच्याच फोटोखाली लिहायचे. आदल्या वर्षी नगरला प्रदर्शन भरलं, तेव्हा भाईंच्या कळलावीच्या फोटोला पहिला मान मिळाला. ती कळलावी आदिनाथने शोधली होती. भाईंनी व्यासपीठावरून तसं स्वच्छ सांगितलंही, त्याला उठून उभं राहायला लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि परत फोटोकडे वळले. आदिनाथ हसत खाली बसला खरा, पण ते हसू चेहऱ्यावर धरून ठेवताना त्याचे गाल दुखले.

भादव्यातल्या एका रविवारी भाईंना यायला जमणार नव्हतं. त्यांच्या मुलीला, अल्मासला बघायला घोडेगावहून पाहुणे येणार होते. आदिनाथ एकटाच मोटरसायकल काढून पारनेरच्या बाजूला हिंगणदऱ्याला गेला. गावामागचा डोंगर तसा ओळखीचा होता, पण त्याच्या पलीकडच्या अंगाला तो कधी उतरला नव्हता. तिकडे सगळा घसरणीचा मुरूम. धड पाय ठरत नाही असा. त्या मुरमातून गवताला धरत तो खाली उतरला आणि एका खडकाच्या आडोशाला थबकला.

कंदीलपुष्प होतं ते. गवताच्या काडीला विळखा घालून वर आलेला नाजूक वेल, त्यावर एकच उमललेलं फूल. खाली फुगीर, मध्ये निमुळतं, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून झालेला पिंजरा. हिरवट अंगावर जांभळे ठिपके. फुलाच्या खाली दोन कळ्या होत्या, आणखी दोनेक दिवसांत उमलतील अशा.

या फुलासाठी दिलावरभाई किती वर्षं डोंगर तुडवत होते. पुस्तकातलं चित्र त्यांनी मोबाईलवर ठेवलं होतं. दर पावसाळ्यात ते एकदा तरी म्हणायचे, "आदिनाथ, मला दुसरं काही नको. हे एक दाखव."

आदिनाथने भरपूर फोटो काढले. मग सावलीत बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितले. चांगले होते. पण बघता बघता त्याच्या डोळ्यांसमोर दुसराच फोटो उभा राहिला: भाई इथे पोटावर पडतील, मागचं ऊन त्या पिंजऱ्यातून आरपार येईपर्यंत थांबतील, आणि मग जो फोटो येईल त्यापुढे आपला हा फोटो कोणी दुसऱ्यांदा उघडणारसुद्धा नाही. फूल आपण शोधलं, एवढंच भाई सगळ्यांना सांगतील. परत उभं राहायचं, परत टाळ्या.

त्याने हात पुढे केला आणि फूल खुडलं. किती हलकं होतं ते. देठ तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. त्याच हाताने त्याने दोन्ही कळ्याही खुडल्या. फुलाच्या पोटात अडकलेलं एक चिलट बाहेर आलं, त्याच्या बोटावर क्षणभर बसलं आणि उडून गेलं. ते गेल्यावर आपण काय केलं हे आदिनाथला कळलं. वेलाकडे न बघता त्याने तिन्ही जिन्नस शर्टाच्या खिशात घातले आणि तो वर चढायला लागला.

डोंगराच्या गावाकडच्या अंगाला छबूबाई शेळ्या राखत बसली होती. येता-जाता तिची ओळख झाली होती. डोक्यावर पदर, हातात बाभळीची काठी, आणि तोंड सतत चालू.

"घावलं का काई, दादा?" तिने विचारलं.

"नाही, मावशी. आज काही नाही."

"मंग कशाला त्या घसरनीला गेल्तात? माजी शेरडं बी तिकडं पाय ठेवीत न्हाईत. पडला असता म्हंजी?"

तिने तांब्यातलं पाणी पुढे केलं. तो प्यायला आणि निघाला.

फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, असं त्याने घरी येईपर्यंत ठरवलं होतं. पण संध्याकाळी त्याने तो टाकला. मग नुसता मोबाईल वाजत राहिला. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. अंधार पडायच्या आत दिलावरभाई घरी हजर. हातात पेढ्यांचा पुडा. अल्मासचं जमलं होतं, पण भाई बोलत होते ते फुलाबद्दल.

"अरे, तू शोधलंस. मला वाटत होतं, हे बघायचं माझ्या नशिबात नाही. कळ्यापण दिसतायत ना फोटोत? म्हणजे आज उमललेलं गळालं तरी कळ्या आहेत. उद्या सकाळीच जाऊ. तुझी दुसरी पाळी आहे ना?"

आदिनाथने पेढा तोंडात घातला. "जाऊ की," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातून त्याची बायको ज्ञानेश्वरी धुवायचे कपडे घेऊन आली. "अहो, खिशात काय ठेवलंय हे? डाग पडलाय शर्टाला."

"गवत असेल," आदिनाथ म्हणाला आणि शर्ट तिच्या हातातून ओढून घेतला. भाई हसले. फुलवेड्या माणसाच्या खिशात गवतच असणार, असं काहीतरी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे हिंगणदऱ्याला गेले. वाटेत पाऊस लागेल, रस्ता बंद असेल, भाईंचा गुडघा दुखेल, असं काही ना काही होईल याची आदिनाथ वाट बघत राहिला. काही झालं नाही. मुरमाच्या घसरणीवर भाईंनी त्याचा खांदा धरला आणि लहान मुलासारखे ते खाली उतरले. वेल जागेवर होता. त्यावर फक्त पानं होती.

भाई वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी देठाच्या तुटक्या टोकाला बोट लावलं.

"कोणीतरी खाल्लं," ते म्हणाले.

त्या क्षणी आदिनाथ खरं बोलला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याच्या तोंडून निघालं, "शेळ्या असतील."

असं म्हणायचं त्याने ठरवलं नव्हतं. पण एकदा निघालं ते निघालं.

वर येताना छबूबाई भेटली. नेहमीप्रमाणे ती हसली. दिलावरभाई तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा चढलेला आवाज आदिनाथने तोवर ऐकला नव्हता. गिऱ्हाइकाने उधारी बुडवली तरी न चढणारा आवाज होता तो. तुम्हाला काही कळतं का, ते म्हणाले, सगळ्या डोंगरावर तुमची जनावरं, एक जागा म्हणून सोडत नाही, जे कुठे उरलं नाही तेही खाऊन टाकलंत. बांधावरून दोन बायका पाटी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. त्यातली एक छबूबाईची सून होती.

"माजी शेरडं तिकडं जातच न्हाईत, भाऊ," छबूबाई म्हणाली. "या दादांना इचारा. कालच बोलले मी त्यांला."

दोघांनी आदिनाथकडे बघितलं. आदिनाथ कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावत होता. ती लागलेलीच होती. तरी त्याने ती परत उघडली आणि परत लावली.

"चला, भाई," तो म्हणाला. "कामाला उशीर होतोय."

त्यानंतर जे झालं ते कोणाच्याच मनात नव्हतं. भाईंनी सरपंच काकासाहेबांना फोन करून एवढंच विचारलं होतं, की त्या खडकाभोवती हातभर कुंपण घालता येईल का. कंद जमिनीत जिवंत असेल, पुढच्या पावसाळ्यात वेल परत फुलू शकतो. काकासाहेबांना त्यात गावाचं नाव दिसलं. त्यांनी सगळा डोंगरच चराईला बंद केला. डोंगराच्या पायथ्याला फ्लेक्स लागला. त्यावर कंदीलपुष्पाचा माणसाएवढा फोटो, खाली ठळक अक्षरात 'दुर्मिळ फुलांचा डोंगर. चराई बंद', आणि कोपऱ्यात 'छायाचित्र : आदिनाथ झावरे'.

काकासाहेबांनी त्याला मुद्दाम बोलावून त्या फ्लेक्सशेजारी उभं केलं आणि हार घातला. कारखान्यात साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ज्ञानेश्वरीने तो फोटो मोठा करून बैठकीत लावायचा म्हटलं, तेव्हा तो तिच्यावर उगाच खेकसला आणि मग दिवसभर तिच्या मागे मागे फिरला. जेवायला बसला की भाताच्या घासाबरोबर त्याला पिशवीची ती चेन आठवायची. आता सांगू, रविवारी सांगू, असं म्हणत तो रविवारी घरीच बसायला लागला. अंगात कसर आहे असं भाईंना कळवायचा. भाई दुकानातून गोळ्या पाठवायचे. त्या गोळ्या तो घेतही होता. न घेणं त्याला आणखी एक खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

दिवाळीच्या तोंडावर भाईंनीच त्याला दुकानात बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"छबूबाईची शेळी गेली," ते म्हणाले. "डोंगर बंद झाला म्हणून ती शेळ्या घेऊन हमरस्त्याच्या कडेला चारायला जायची. डंपरखाली आली. गाभण होती. काल मी जाऊन आलो. माझंच चुकलं, आदिनाथ. मी त्या दिवशी नको तेवढं बोललो. कुंपणाचं डोकंही माझंच. माफी मागितली तर तिने मला चहा केला."

आदिनाथ तिथून निघाला आणि तडक हिंगणदऱ्याला गेला.

छबूबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. तिने त्याला बसायला पोतं टाकलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं: फूल मी खुडलं. कळ्याही. शेळ्यांचा काही संबंध नाही.

छबूबाईने काडी हातातच धरली. "तुमी खुडलं? मंग त्यात काय. फूलच हाय, मानूस खुडतोच की. माज्या सुनंनं बी खुडलं असतं, डोक्यात घालाया."

तिला पुढचं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी ते भाऊ मला बोलत हुते, तवा तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"आन् तुमी हुबं हुता."

"हो, मावशी."

तिने काडी मोडली आणि ढिगावर टाकली. "माज्या सुनंसमोर बोलले ते. इतकी वर्सं हाय या घरात, सुनंसमोर कुनी असं बोललं न्हवतं मला. ती तवापासनं म्हनती, आत्याबाईंचं ध्यान नसतं शेरडांवर. शेळी मेली तर म्हनली, बघा, मी सांगत हुते." ती थांबली. आदिनाथचा हात खिशाकडे गेलेला तिला दिसला असावा. "पैसं काढू नका. ते घेतलं तर तुमी मोकळं व्हाल आन् मी हाय तिथंच."

"मग मी काय करू?"

"माज्या सुनंला सांगा. ती आत हाय. आन् त्या भाऊंला सांगा. बिचारा मानूस माज्या पाया पडाया निघाला हुता."

सून दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तरी छबूबाईने त्याला परत सांगायला लावलं, मोठ्याने, तिच्याकडे बघून. त्याने सांगितलं. सून पदराचं टोक चावत ऐकत राहिली आणि आत गेली.

केडगावला परत येईस्तोवर दिवस मावळला होता. दुकानात गर्दी होती. आदिनाथ काउंटरच्या टोकाला उभा राहिला. गिऱ्हाईक कमी होईल म्हणून थांबला, पण एक गेलं की दुसरं येत होतं. आता थांबलो तर उद्यावर जाईल, आणि उद्यावर गेलं की संपलं, हे त्याला आता चांगलं माहीत झालं होतं.

"भाई, शेळ्यांनी खाल्लं नव्हतं," तो म्हणाला. "मी खुडलं होतं. फोटो काढून झाल्यावर."

दिलावरभाई एका म्हाताऱ्याला रक्तदाबाच्या गोळ्या देत होते. त्यांचा हात थांबला नाही. त्यांनी पाकिटावर सकाळ-संध्याकाळची खूण केली, म्हाताऱ्याला दोनदा समजावून सांगितलं, तो पायरी उतरेपर्यंत बघत राहिले. मग आदिनाथकडे न बघताच विचारलं, "का?"

"तुम्ही माझ्यापेक्षा चांगला फोटो काढला असता म्हणून."

एक बाई खोकल्याचं औषध मागत होती. भाईंनी बाटली काढून दिली.

"आणि कळ्या?"

"कळ्यापण."

इतका वेळ ताठ उभे असलेले भाई स्टुलावर बसले. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला आणि तो पुसतच राहिले. आदिनाथला वाटलं, ते ओरडले तर बरं. पण ते ओरडण्यासारखे नव्हतेच. फक्त एकदाच त्यांचा आवाज चढला होता, आणि तोही भलत्या माणसावर.

"मी त्या बाईला काय काय बोललो," ते शेवटी म्हणाले. "तू शेजारी होतास." थोड्या वेळाने म्हणाले, "आता जा. गिऱ्हाइकं आहेत."

हिंगणदऱ्याच्या पुढच्या ग्रामसभेत आदिनाथने सगळ्या गावासमोर सांगितलं. त्याला वाटलं होतं, लोक शिव्या घालतील. लोक हसले. एका फुलापायी एवढं रामायण, असं कोणीतरी मागून म्हणालं. काकासाहेब तेवढे चिडले, कारण तालुक्याला सगळीकडे डोंगराचं नाव करून झालं होतं. छबूबाईची सून उठून उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या आत्याबाईंची काही चूक नव्हती हे लिहून घ्या. त्यावर मात्र कोणी हसलं नाही. बरीच घासाघीस होऊन गावाकडचा उतार शेळ्यांना मोकळा झाला, घसरणीची बाजू तेवढी राखीव राहिली. शेळी काही परत येणार नव्हती. छबूबाई आदिनाथशी त्या दिवशी बोलली नाही, पुढेही कामापुरतंच बोलायची. घोटभर पाणी मागितलं तर द्यायची, पण कुठे गेल्तात म्हणून विचारायची नाही.

ग्रुपवरही त्याने लिहून टाकलं. काहींनी त्याला काढून टाका म्हटलं, काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दिलावरभाईंनी काहीच लिहिलं नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अल्मासच्या लग्नाची पत्रिका आली ती दुकानातल्या पोऱ्याच्या हाती. आदिनाथ ज्ञानेश्वरीला घेऊन लग्नाला गेला. भाईंनी त्याला गळ्याशी लावलं, जसं त्यांनी इतर सगळ्यांना लावलं, आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले.

आषाढ सरत आला तेव्हा एका रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. दिलावरभाई मोटरसायकलवर बसले होते. गळ्यात कॅमेरा.

"येतोस?" त्यांनी विचारलं.

आदिनाथ पिशवीसुद्धा न घेता बाहेर आला, मग ज्ञानेश्वरीने ती मागून आणून दिली. दोघे केडगावच्या मागच्या टेकडीवर गेले, जवळच. भाई आधी शेजारून चालायचे, आता मागे राहिले. आदिनाथने गवतात आभाळी दाखवली, मग मुरमात उगवलेली भुई आमरी दाखवली. भाई पोटावर पडले, कॅमेरा गालाला लावला, ढगाची वाट बघत राहिले. सगळं पूर्वीसारखं. अल्मासचं सासर, दुकानातला नवा पोऱ्या, यंदाचा पाऊस, असं बोलणंही झालं.

भाईंचं झाल्यावर आदिनाथ भुई आमरीपाशी गुडघ्यावर बसला. तेव्हा भाई कपड्यांची माती झाडायची सोडून त्याच्याजवळ आले आणि फुलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिले. कॅमेरा बंद करून दोन्ही हात मागे बांधून ते फुलाकडे बघत उभे राहिले. आदिनाथने फोटो काढला, उठला, चार पावलं बाजूला झाला, तेव्हा कुठे तेही तिथून हलले.

त्या दिवशी प्रत्येक फुलापाशी ते तसेच उभे राहिले. फोटो झाला, की आदिनाथ आपणहून लवकर उठायचा.